शंभर पानांना तेलाचा डबा किती दिवस पुरतो?
(पुण्यातल्या मेस, खानावळी आणि पोळी-भाजी केंद्रं चालवणाऱ्यांना खुलं पत्र)

मालक, काकू, मावशी आणि आचारी मंडळी,

सस्नेह नमस्कार.

सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या मेस, कर्वेनगर-कोथरूडमधली पोळी-भाजी केंद्रं, हिंजवडी-वाकडकडे पीजीत राहणाऱ्यांना डबे पोचवणारी घरगुती स्वयंपाकघरं, असं तुम्हा सगळ्यांना मिळून हे पत्र आहे. मी निवृत्त आहारतज्ज्ञ. बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात काम केलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला घरी सोडण्याआधी काय खायचं, काय टाळायचं ते सांगायचं, हे माझं काम. एकट्या राहणाऱ्या माणसाकडून त्यावर हमखास एक उत्तर यायचं, "मॅडम, मला डबा असतो." की विषय संपला. त्याच्या ताटात किती तेल, किती मीठ पडायचं हे त्याच्या हातात नव्हतं आणि माझ्या तर नव्हतंच. ते तुमच्या हातात आहे, म्हणून आता थेट तुमच्याशी बोलते.

आधी हिशेब करू. खाड्यांचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या माणसांना हा काही जड जायचा नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात तेल-तूप सांगितलंय २७ ग्रॅम. फोडणी, तळण, पोळीवरचं, सगळं धरून. सकाळच्या पोह्या-उपम्याचे सहा-सात ग्रॅम वजा केले की दोन जेवणांना २० उरतात. तुमचे १०० मेंबर दोन्ही वेळा जेवत असतील तर रोजचं तेल झालं २ किलो. म्हणजे १५ किलोचा डबा साडेसात दिवस पुरायला हवा. तुमच्याकडे किती दिवस पुरतो? उत्तर मला कळवू नका, डबा फोडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. चहाचा एक सपाट चमचा, तोही दिवसभराचा. आपल्याकडचा माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो. नाश्ता, बिस्किटं, संध्याकाळचा वडापाव यांसाठी दीड ग्रॅम सोडला, तर तुमच्या दोन जेवणांच्या वाट्याला साडेतीन येतात. शंभर जणांना ३५० ग्रॅम. मिठाची एक किलोची पुडी जवळजवळ तीन दिवस चालली पाहिजे आणि त्या साडेतीन ग्रॅममध्ये लोणच्यातलं, पापडातलं, कणकेतलं मीठही आलं. पापडात तर मिठाबरोबर पापडखारही असतो, म्हणजे पुन्हा सोडियमच.

हे दोन आकडे जमले तर बाकीचं निम्मं काम आपोआप होतं, असं माझं मत आहे. कुठल्या बिया खाव्यात आणि कुठल्या फळाचा रस प्यावा यावर मोबाइलवर रोज नवं काही तरी फिरत असतं. त्यातलं बहुतेक मी वाचायचंही सोडून दिलंय.

तुम्ही म्हणाल, आमचे मेंबर विशी-बाविशीतली पोरं. एमपीएससीवाली, इंजिनीअरिंगवाली. दगड पचवतील, त्यांना कसला हार्ट अटॅक? पण १९५३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या डॉक्टरांनी तपासल्या. सैनिकांचं सरासरी वय होतं २२. त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या वाहिन्यांत आजार सुरू झालेला होता. ही भरतीच्या वेळी डॉक्टरांनी ठणठणीत ठरवलेली मुलं! रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात चरबी साचायला विशीत किंवा त्याआधीच सुरुवात होते, ती वीस-तीस वर्षं गुपचूप साचत राहते आणि एक दिवस त्या थराला चीर पडून तिथे रक्ताची गुठळी धरते. तोच झटका.

आपल्याकडे हे लवकर घडतं. ५२ देशांतल्या रुग्णांचा 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातल्या दक्षिण आशियाई माणसांची वेगळी मांडणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तिचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. पहिल्या झटक्याचं मधलं वय आपल्याकडे ५३ निघालं, इतरत्र जवळपास ५९. कारणं काही गूढ नव्हती: तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातल्या चरबीची बिघडलेली प्रमाणं, पोटाचा घेर, फळं-भाज्या कमी, हालचाल कमी, मनावरचा ताण. तंबाखूबद्दल तुम्हाला काय सांगणार? मेसशेजारची पानटपरी तुमची नाही. फक्त जेवणानंतर 'एक मारून येऊ' म्हणणाऱ्या पोराला तुम्ही काकूंच्या अधिकारानं दटावू शकता. तुमचं ऐकतील, आमचं ऐकत नाहीत.

आता तुमच्या स्वयंपाकघरात येते.

सगळ्यात जास्त तेल कुठे जातं? बहुतेकांना वाटतं, रस्सा भाजीत. थोडं पोळीकडे बघा. घडीच्या पोळीत आत बोट फिरवलं, वरून पुसलं, म्हणजे अर्धा चमचा तेल कुठे गेलं कळतही नाही. चार पोळ्यांचे होतात नऊ-दहा ग्रॅम. एका जेवणाचा सगळा वाटा पोळीतच संपला, भाजीला अजून फोडणी बसायचीय. शंभर जणांच्या चारशे पोळ्या लाटणाऱ्या मावशींना 'फुलके करा' म्हणणं सोपं नाही, ठाऊक आहे. पोळी डब्यात चार तास मऊ राहायला हवी, हेही ठाऊक आहे. मग कणीक सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, आतलं तेल असू द्या आणि वरचं बंद करा. तेवढ्यानंच निम्मं वाचतं. आणि कृपा करून पीठ चाळून कोंडा फेकू नका. त्या कोंड्यातला तंतुमय भाग भूक लवकर लागू देत नाही.

मग तर्री. तवंग दिसला नाही तर मेंबर म्हणतो भाजी पाणचट आहे, आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या मेसला जातो. ही अडचण खरी आहे. पण तवंगाला लागणारा रंग तिखटाचा असतो. सुरुवातीला मोजकं तेल घालून वाटण परता, रस्सा उकळवून घ्या, आणि शेवटी छोट्या कढल्यात थोडं तेल तापवून गॅस बंद करून त्यात तिखट सोडा. ती फोडणी वरून ओता. शंभर पानांच्या भगुण्याला वाटीभर तेलात तांबडा भडक रस्सा दिसतो. तुमच्यातले जुने आचारी हे मला शिकवतील, मी त्यांना काय शिकवणार? फक्त तेलाच्या डब्यात थेट बुडणारी मोठी पळी काढून टाका आणि मापाची वाटी ठेवा.

तेल कुठलं? पामतेल स्वस्त आहे, मान्य. पण त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड, थंडीत थिजणारी) असते आणि संपृक्त चरबी जास्त झाली की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल पुरेसं उचलत नाही. शेंगदाणा तेलात हे प्रमाण पामतेलाच्या निम्म्याहून कमी असतं आणि करडईत आणखी कमी. करडई आपल्या सोलापूर-मराठवाड्याचं पीक, आता मागे पडत चाललंय, ते वेगळं दुःख. परवडत नसेल तर एक डबा सोयाबीनचा, पुढचा शेंगदाण्याचा, असं आलटून-पालटून वापरा. ऑलिव्ह ऑइलची काडीमात्र गरज नाही. आणि डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलंय म्हणून दोन पैसे जास्त मोजू नका, कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नावालासुद्धा नसतं.

वनस्पती तुपाबद्दल थोडी बरी बातमी आहे. त्यातली ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमीही करते, असा तिचा दुहेरी मार. २०२२ पासून भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली. त्यामुळे रविवारच्या फीस्टचे गुलाबजाम पूर्वीइतके घातक राहिले नसतील. संपृक्त चरबी मात्र त्यात आहेच, आणि पाकाचं तर बोलायलाच नको.

खरी काळजी आहे ती तळणीच्या उरलेल्या तेलाची. रविवारी पुऱ्या तळल्या, कढईत तीन किलो तेल उरलं, ते सोमवारी भजीला, मंगळवारी फोडणीला. हे बहुतेक ठिकाणी चालतं आणि त्यामागे कंजुषीपेक्षा 'अन्न टाकू नये' हा संस्कार असतो. पण वारंवार तापलेल्या तेलात नवी, शरीराला त्रासदायक संयुगं तयार होतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवलीय, जुलै २०१८ पासून. रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदवही ठेवावी लागते. तुमच्यासारख्या लहान स्वयंपाकघरांना ती सक्ती नाही, त्यामुळे डोळ्यांनीच ओळखायला हवं. तेल काळपट झालं, दाट झालं, फेस बसेना, मंद आचेवरच धुरायला लागलं, की ते संपलं. त्याआधी मन मानत नसेल तर एकदा तळलेलं तेल गाळून लगेच एक-दोन दिवसांत भाजीत संपवा, पुन्हा तळू नका. सगळ्यात उत्तम म्हणजे लहान कढई घ्या, तेल उरणारच कमी. मोरीत मात्र ओतू नका. वापरलेलं तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करणारे लोक आहेत, ते किलोवर पैसेही देतात.

इथवर सगळं 'कमी करा' झालं. आता जरा वाढवायचं बोलते, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे.

मेसचं ताट बघा: चार पोळ्या, मूद दोन मूद भात, बटाट्याची सुकी भाजी, आणि रस्सा भाजी म्हणून फ्लॉवर-बटाटा, वांगं-बटाटा, मटार-बटाटा. बटाटा माझ्याही आवडीचा आहे. पण रोजच्या ४०० ग्रॅम भाज्या-फळांत जागतिक आरोग्य संघटना बटाटा धरत नाही. गहू, तांदूळ, बटाटा, सगळं पिठूळ. दिवसभर अभ्यासिकेत खुर्चीला चिकटून बसणाऱ्या पोराला इतकं पिष्ट खर्च करायला जागाच नाही, ते पोटावर आणि यकृतात चरबी होऊन बसतं. आपल्याकडच्या हडकुळ्या दिसणाऱ्या माणसालाही ढेरी असते, ती यातूनच. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली की डॉक्टर भुवया उंचावतात, मग वजन कितीही असो.

यावर उपाय म्हणजे उसळ. तेला-मिठात वाचलेले पैसे कडधान्यात घाला. पोषण संस्थेनं दिवसाला ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य सांगितलंय, कोरडं मोजून. एका वेळी माणशी ३० ग्रॅम धरा, शंभर पानांना तीन किलो. तुमचं वरण ज्या पारदर्शकतेनं वाढलं जातं ते पाहता (रागावू नका!) हे तीन किलो कुठे बसणार, तर ते वाटीभर मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरा यांत. रात्री भिजवून मोड काढले तर गॅसही वाचतो. लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय मात्र मोडा. सोड्यात सोडियम असतंच, शिवाय ब-१ जीवनसत्त्वाची त्यात वाट लागते.

कोशिंबीर परत आणा. हल्ली काकडीच्या दोन चकत्या आणि कांद्याची एक फोड यावर भागवलं जातं. गाजर, कोबी, मुळा, बीट, मोसमात जे स्वस्त असेल ते किसून, दाण्याचं कूट, लिंबू. पालेभाजी आठवड्यातून तीनदा. निवडायला वेळ जातो म्हणून ती टाळली जाते, तरी मेथी-पालक नाही तर निदान शेपू-मुगाची डाळ, चाकवत, अंबाडी. भाकरी रोज शक्य नाही, पण आठवड्यातून एक रात्र ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा ठेवलात तर तो दिवस मेंबर चुकवणार नाहीत. ठेच्यात मीठ बेतानं, एवढंच. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी कधी भगर आणि दाण्याची आमटी. एकादशीला पोटभर साबुदाणा खाऊन दुपारभर पेंगणं, यात ना पुण्य ना पोषण.

मिठाकडे पुन्हा येते, कारण चव जाईल ही तुमची सगळ्यात मोठी धास्ती. ब्रिटनमध्ये २००३ नंतर पावातलं मीठ कारखान्यांनी काही वर्षांत हळूहळू, साधारण पाचव्या हिश्शानं कमी केलं. गिऱ्हाइकांनी ओरड केली नाही, कारण जीभ काही आठवड्यांत नव्या चवीला सरावते. तुम्हीही एका झटक्यात करू नका. आचाऱ्याच्या हाताच्या अंदाजाऐवजी वाटीचं माप ठरवा आणि दर पंधरा दिवसांनी ते किंचित कमी करा. चिंच, कोकम, लिंबू, कैरी यांच्या आंबटपणानं मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. लसूण-कोथिंबिरीनंही. कणकेतलं आणि भातातलं मीठ पूर्ण काढलं तरी कुणाला पत्ता लागत नाही, कारण भाजी-आमटी सोबत असतेच. फलकावर 'आता कमी मिठात!' असं लिहू नका. लिहिलंत की त्याच दिवसापासून सगळ्यांना भाजी अळणी लागेल.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० गावांत असं मीठ देऊन पाहिलं तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं, २०२१ चा हा अभ्यास. घरी वापरायला चांगलं. पण तुम्ही मेसमध्ये सरसकट वापरू नका. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं घेणाऱ्यांना जास्तीचं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. मुलं परदेशात आणि इथे दोघंच राहतात अशा कोथरूडमधल्या कितीतरी आजी-आजोबांचा डबा तुमच्याकडून जातो, त्यांच्यात अशी माणसं निघणारच. त्यांना साध्याच मिठाचा, पण निम्म्या मिठाचा डबा वेगळा लावता येतो का बघा. चार डब्यांवर वेगळ्या रंगाची दोरी, इतकंच काम.

मेस-खानावळीनं हृदयरोग कमी होतो का, असं कुणी विचारलं तर फिनलंडचं उदाहरण देता येईल. तिथल्या नॉर्थ करेलिया प्रांतात हृदयविकारानं ऐन उमेदीतले पुरुष पटापट मरत होते. १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरानं तिथे काम सुरू केलं. लोणी, मलईचं दूध, खारवलेलं डुकराचं मांस हा तिथला रोजचा आहार. पुस्का दवाखान्यात बसून राहिले नाहीत. गावोगावच्या गृहिणींच्या संघटनेला त्यांनी हाताशी धरलं, त्यांनी जुन्याच पदार्थांत भाज्या वाढवून मेजवान्या घातल्या. सॉसेज करणाऱ्या कारखानदाराकडे गेले आणि त्याला चरबीच्या जागी काही प्रमाणात अळंबी घालायला राजी केलं. दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी नाराज झाले तेव्हा त्यांच्यातल्या काहींना बोरांसारख्या फळांच्या लागवडीकडे वळवलं. पस्तीसेक वर्षांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू तिथे जवळपास ८५ टक्क्यांनी घटले. धूम्रपान कमी झालं, उपचार सुधारले, त्याचाही वाटा त्यात आहे. पण माणसं ज्यांच्या हातचं खातात त्यांच्याकडे जायचं, ही युक्ती मला त्यांच्याकडूनच उचलावीशी वाटली.

आणखी एक, थोडं तुमच्या धंद्याच्या विरुद्ध जाणारं. हल्ली मेंबरला डबा अभ्यासिकेच्या पायरीवर पोचतो. पूर्वी पोरं चालत यायची. मेस दहा मिनिटांवर असेल तर दोन वेळच्या जाण्या-येण्यात चाळीस मिनिटं होतात, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला हा डॉक्टरांचा सल्ला चार दिवसांत फिटतो. जेवून चाललं की रक्तातली साखरही कमी उसळते. घरपोच डब्याला दहा रुपये जास्त आणि बसून जेवणाऱ्याला दहा रुपये कमी, असं काही करता आलं तर बघा.

आणि तुमचं स्वतःचं? पहाटे पाचला मंडईत, अकरापासून गॅससमोर, दुपारचं जेवण चार वाजता उभ्या-उभ्या, रात्री साडेअकराला उरलंसुरलं. दिवसभर चव बघताना आणि चहा पिताना किती साखर-मीठ जातं याची मोजदाद कुणी ठेवत नाही. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानं, आचारी आणि पोळ्यावाल्या मावशींसकट, वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. महापालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब मोजायला फार वेळ जात नाही. रक्तदाब वाढलेला असला तरी बहुतेकांचं काहीच दुखत नाही, त्यामुळे 'मला काही होत नाही' हे कारण चालणार नाही.

सुरुवात कधी करायची, हे मी दिवाळीवर सोडते. मुलं पंधरा दिवस घरी जातात, आईच्या हातचं खाऊन येतात. परत आल्यावर तशीही आठवडाभर तुमच्या भाजीला नावं ठेवतातच. त्या आठवड्यात माप बदललंत तर कुणाला वेगळं काही कळणार नाही. तोवर तेलाचा डबा आणि मिठाची पुडी फुटल्याच्या तारखा कॅलेंडरवर टिपत राहा.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच एका केंद्राची जुनी गिऱ्हाईक,
एक निवृत्त आहारतज्ज्ञ, पुणे